नाकाची साक्ष

१

माणूस गेला होता, आणि कागदोपत्री तो ठणठणीत होता.

तपासनीस बाईंच्या टेबलावर दोन फायली शेजारी शेजारी उघडून ठेवल्या होत्या. डावीकडची हॉस्पिटलची. वय सत्तेचाळीस, फुप्फुसं जुन्या स्पंजासारखी, दोन्ही किडन्या निकामी, आणि दोन्हीकडे कॅडमियम नावाचा धातू. तो इतका होता की तपासणाऱ्या डॉक्टरने आकड्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं आणि पुन्हा मोजून मग ते खोडलं होतं. उजवीकडची फाइल कारखान्याची. पाच वर्षांत पाच मास्क-चाचण्या, पाचही पास. फिल्टर दर सोमवारी बदललेला, पुढे सही. एकदाही विनामास्क आढळल्याची नोंद नाही.

बाई कामगार-आरोग्य खात्यात बावीस वर्षं होत्या. खोट्या फायली त्यांना वासावरून कळायच्या. एकाच बैठकीत, एकाच पेनाने उरकलेल्या वर्षभराच्या सह्या त्यांनी पोत्यांनी पाहिल्या होत्या. ही फाइल तशी नव्हती. शाई दर महिन्याला वेगळी, तारखा आगेमागे, एका पानावर चहाचा डाग. फाइल खरी होती, आणि हीच तर पंचाईत होती.

कारखाना मोठ्या बॅटऱ्यांचा होता. वीज गेली की हॉस्पिटलांतले दिवे ज्यांच्यावर चालतात, तशा बॅटऱ्या. त्यांच्या आतल्या पट्ट्यांमध्ये एक तपकिरी, पिठासारखी बारीक पूड दाबून भरावी लागते. ती पूड म्हणजेच कॅडमियम. हे काम एका बंद खोलीत चालायचं, तिला सगळे पावडरखोली म्हणत. खोलीत नऊ माणसं होती. त्यातला एक आता नव्हता. त्याला कारखान्यात 'घड्याळ' म्हणायचे, कारण तो दिसला की लोक वेळ लावून घ्यायचे.

बाईंच्या समोर त्याची बायको बसली होती आणि तिच्या मागे, खुर्ची असूनही उभा, त्याचा धाकटा भाऊ. तिशीचा, दाढी राखलेला, त्याच कारखान्याच्या पॅकिंग विभागात कामाला. बोलली ती एकटीच. तिचं म्हणणं साधं होतं. नवऱ्याने पंधरा वर्षांत एक नियम मोडला नाही. कामावरून सुटल्यावर तिथेच आंघोळ करून, कपडे बदलून घरी यायचा. नखं इतकी आत कापायचा की रक्त यायचं. असा माणूस जर पुडीने मेला, तर त्याला कुणीतरी खोटे फिल्टर दिले. भांडार सांभाळणारा भांडारी खरा माल विकून खातो, हे सगळ्यांना माहीत आहे.

"मला कुणाला फासावर नाही चढवायचंय, मॅडम," ती म्हणाली. "पण त्यांचं काही चुकलं नव्हतं, एवढं लिहून द्या."

मग तिने कापडी पिशवीतून नवऱ्याचा मास्क काढून टेबलावर ठेवला. त्याच्या कपाटातून तिने तो कुणाला न विचारता आणला होता. नाक आणि तोंड झाकणारा रबरी मास्क, दोन्ही गालांशी फिल्टरच्या दोन गोल डब्या. बाईंनी हातमोजे चढवले आणि तो उलटा केला.

आतून, नाकाच्या डाव्या घडीपासून गालापर्यंत, एक तपकिरी रेघ गेली होती. पूड मास्कच्या आत पोहोचली होती, आणि तोच मास्क पाच वेळा पास झाला होता.

२

भांडाऱ्याबद्दल बाईंनी काही विचारायच्या आधीच तिघांनी त्यांना सांगितलं. व्यवस्थापकाने सूचकपणे, पहारेकऱ्याने उघड, आणि 'रेडिओ' नावाच्या कामगाराने चांगली वीस मिनिटं. रेडिओ हा घड्याळचा जोडीदार. पूड दाबायच्या यंत्रावर दोघं समोरासमोर अकरा वर्षं उभे होते. तो बोलायला लागला की बंद करायचं बटण सापडत नसे, म्हणून हे नाव. भांडारी साबणसुद्धा अर्धा कापून देतो, इथपर्यंत त्याने सांगितलं. जोडीदाराबद्दल मात्र तो दोनच वाक्यं बोलला: माणूस सोन्यासारखा होता, आणि गेला.

भांडारी हाडकुळा आणि तिरसट निघाला. जुनं आणा, नवं न्या, याखेरीज त्याला दुसरी भाषा येत नव्हती. पण त्या तिरसटपणाचा बाईंना फायदा झाला. वापरलेले फिल्टर विषारी कचरा म्हणून वेगळे ठेवायचे, असा नियम होता, आणि या गृहस्थाने ते पिंपांमध्ये भरून, प्रत्येकाला नाव-तारखेची चिठ्ठी बांधून ठेवले होते. बाईंनी घड्याळच्या नावाचे सहा निवडले आणि त्याच्यासमोर ब्लेडने उभे कापले.

सहाही अस्सल होते. बाहेरचा थर पार तपकिरी, मधला फिकट, आणि तोंडाकडचा थर दुधासारखा पांढरा. पूड फिल्टरमध्ये अडकली होती. पलीकडे गेली नव्हती.

भांडाऱ्याने हे पाहिलं आणि पहिल्यांदाच स्टुलावर बसला. त्याला लोक काय म्हणतात ते माहीत होतं. त्याने सांगितलं की घड्याळ सोमवारी आठच्या ठोक्याला खिडकीशी यायचा, डबी हातात तोलून बघायचा आणि मगच सही करायचा. त्याला खोटा माल द्यायची कुणाची छाती नव्हती. मग म्हणाला की एक गोष्ट मात्र खटकायची. मास्कचे पट्टे. इतरांचे दोन-दोन वर्षं टिकतात. याने गेल्या वर्षात तीनदा नवे नेले.

"ओढून ओढून तोडायचा. गालावर वळ उठलेले असायचे. मी म्हटलं, गळा आवळतोस की मास्क बांधतोस? तर हसला नुसता."

बाईंनी फायलीतले फोटो काढले. पाच वर्षांपूर्वीच्या ओळखपत्रावर भरल्या गालांचा माणूस होता. शेवटच्या फोटोत गाल आत गेलेले, दाढा काढलेल्या, नाकाशेजारी खळगा. चेहरा आटला होता. मास्क होता तेवढाच राहिला होता. पूड फिल्टरमधून आली नव्हती, कडेने आली होती. आणि घड्याळला ते कळत होतं, म्हणून तो पट्टे आवळत होता.

म्हणजे फिल्टर खरे होते. खोटी होती ती चाचणी. आणि या कारखान्यात मास्कची चाचणी एकच बाई घेत असे.

३

तिला सगळे मास्कताई म्हणायचे. पस्तिशीची, केस घट्ट बांधलेली, बोलताना समोरच्याच्या मास्ककडे बघायची सवय असल्यामुळे नजर नेहमी हनुवटीवर. तिची खोली लहान होती: एक टेबल, एक बेसिन, छोटा फ्रिज आणि कोपऱ्यात छताला टांगलेला पारदर्शक प्लास्टिकचा तंबू. भिंतीवर चाचणीची सूचनापत्रिका काचेत लावलेली.

बाईंनी चाचणी दाखवायला सांगितली. ती दोन भागांत होती. आधी मास्क न घालता टेबलावरच्या दोन बरण्या हुंगायच्या. दोन्हींत पाण्यासारखंच दिसणारं काहीतरी. एकीत साधं पाणी, दुसरीत केळ्याच्या वासाचे दोन-तीन थेंब. वास कुठल्या बरणीत आहे ते सांगायचं. ते बरोबर आलं म्हणजे नाक चालतं, हे नक्की झालं. मग मास्कला फक्त चाचणीपुरत्या वास अडवणाऱ्या डब्या लावायच्या आणि तंबूत जायचं. तंबूत केळ्याच्या वासात भिजवलेलं फडकं टांगलेलं. मान वर-खाली करायची, मोठ्याने आकडे म्हणायचे, वाकायचं. मास्कमध्ये वास आला तर कुठेतरी फट आहे, म्हणून नापास. नाही आला तर पास.

"आणि पास झालेल्याची लघवी तपासत नाहीत," बाई म्हणाल्या. नियम त्यांना पाठ होता. तो त्यांच्याच खात्याने केला होता. ज्याच्या मास्कला फट नाही त्याच्या अंगात धातू जाणार कुठून, असा त्यामागचा विचार.

मास्कताईने मान हलवली. तिने वही पुढे केली. पाच वर्षांत तिने अकराजणांना नापास केलं होतं, सगळे पावडरखोलीबाहेरच्या विभागांतले, त्यातला एक तिचा सख्खा मामेभाऊ. मामाच्या घरचं जाणं-येणं तेव्हापासून बंद होतं. तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही; हजेरी सांगावी तसं सांगितलं. बाईंना ती खरी वाटली. आपल्याला आज भेटणारा प्रत्येकजण खरा वाटतोय, हे लक्षात येऊन त्या थोड्या अस्वस्थ झाल्या.

त्यांनी स्वतः चाचणी दिली. मास्कताईने पाठ फिरवून बरण्यांची अदलाबदल केली आणि टेबलावर ठेवल्या. बाईंनी दोन्ही हुंगल्या, पुन्हा पहिली हुंगली आणि "डावी" म्हणाल्या. बरोबर होतं. मास्कताईने बरण्या उचलून एक फ्रिजमध्ये ठेवली आणि दुसरी बेसिनमध्ये ओतली. टेबलावर डावीकडे पाण्याचं एक गोल कडं उमटलं होतं. तिने सवयीने फडक्याने ते पुसलं.

निघताना बाईंनी विचारलं, घड्याळच्या चाचणीत कधी काही वेगळं वाटलं का. मास्कताईने बाईंच्या हनुवटीकडे बघतच उत्तर दिलं.

"वेगळं असं नाही. पण बाकीचे तीन-तीनदा हुंगतात. ते झाकण पुरतं निघायच्या आत सांगायचे. मला वाटायचं, काय तेज नाक आहे माणसाचं."

४

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई घड्याळच्या घरी गेल्या. दोन खोल्यांचं, नीटनेटकं घर. दारातच पायपुसण्याऐवजी ओलं पोतं. तो धूळ घरात येऊ नये म्हणून घालायला लावायचा. दोन मुलं शाळेत गेलेली. धाकटा भाऊ कामावर. बायको स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती आणि बाईंना बसायला सांगून ती तशीच उभी राहिली.

बाईंना नेमकं काय हवंय ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी शेवटच्या काही वर्षांबद्दल विचारलं. खोकला कधीपासून, वजन कधी उतरलं. बायको सांगत गेली आणि सांगता सांगता मऊ झाली. लग्न झालं तेव्हा हा माणूस जेवणाच्या बाबतीत महाकठीण होता. फोडणी जरा करपली की नाक मुरडायचा. शिळं आहे का, तेल जुनं आहे का, दुधाला वास येतोय का, सतराशे साठ प्रश्न. तिच्या अगदी नाकी नऊ आणायचा. आणि मग सहा-सात वर्षांपूर्वी हे सगळं बंद झालं. जे पानात पडेल ते मुकाट्याने खायचा आणि छान झालंय म्हणायचा.

"मला वाटलं, माणूस सुधारला. मैत्रिणींना सांगायचे मी. एवढ्या वर्षांनी आमचं जमलं म्हणून."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी हळूच विचारलं की त्याला घरात कधी कशाचा वास आला नाही, असं झालं होतं का. बायकोला प्रश्नाचा रोख कळला नाही. एकदा झालं होतं खरं, ती म्हणाली. ती बाहेर गेली होती, हा घरात पेपर वाचत बसलेला. गॅसचं बटण अर्धवट उघडं राहिलं होतं. शेजारीण जिन्यातून ओरडत आली, म्हणून निभावलं. तो म्हणाला, डोळा लागला होता. सर्दी तर त्याला बारा महिने असायचीच. निदान तो तसं म्हणायचा.

ही शेवटची वाक्यं बोलताना तिचा आवाज सावकाश होत गेला. बाईंनी काही समजावलं नाही; तिने स्वतःच ओट्याला हात टेकला.

"त्यांना वास येत नव्हता," ती म्हणाली.

कॅडमियमची धूळ वर्षानुवर्षं नाकात गेली की वास घेण्याची शक्ती जाते, हे बाईंनी पुस्तकात वाचलेलं होतं. ती कायमची जाते. पाच वर्षांपूर्वी रबरी मास्क आले, त्याआधी दहा वर्षं हा माणूस तोंडाला कापड बांधून त्या खोलीत उभा होता. मास्क आला तोवर नाक गेलं होतं. आणि मास्क नीट बसतो की नाही, हे सांगायचं काम त्याच नाकावर सोपवलेलं होतं. तंबूत तो आकडे म्हणायचा, वाकायचा, आणि वास आला नाही असं सांगायचा. ते अगदी खरं असायचं.

पण मग तंबूच्या आधीच्या त्या दोन बरण्या? एकदा अंदाज बरोबर येईल, दोनदा येईल. पाचही वर्षं, झाकण पुरतं निघायच्या आत, वास नसलेल्या माणसाने बरोबर बरणी ओळखली कशी?

५

उत्तर बाईंना परतीच्या वाटेवर, एका टपरीशी सापडलं. समोरच्याने थंड पाण्याची बाटली फळीवर ठेवली, उचलली, आणि फळीवर पाण्याचं गोल कडं उरलं.

मास्कताईच्या टेबलावर बरण्या दोन होत्या आणि कडं एकच होतं. वासाचं पाणी फ्रिजमधून आलेलं, साधं पाणी बेसिनच्या नळाचं. बाईंची बरणी डावी होती. कडंही डावीकडेच होतं. थंड असेल ती वासाची. ते ओळखायला नाक लागत नाही. बोट लावलं की झालं.

सकाळी त्या मास्कताईच्या खोलीत गेल्या, तेव्हा आपल्याला काय बघायचंय ते त्यांनी तिला सांगितलं नाही. पावडरखोलीतल्या आठही जणांना एकेक करून बोलवायला सांगितलं. पहिली फेरी नेहमीसारखी. आठच्या आठ पास. त्यातले पाचजण बरणी टेबलावरच ठेवून वाकून हुंगत होते. तिघांनी आधी दोन्ही बरण्यांना बोटं टेकली. रेडिओ त्या तिघांतला.

मग बाईंनी साध्या पाण्याची बरणीही फ्रिजमध्ये ठेवायला लावली. तासाभराने दुसरी फेरी. पाचजण पुन्हा पास.

बाकीच्या तिघांतला पहिला चुकला आणि नशिबाला बोल लावत बाहेर गेला. दुसऱ्याने खूप वेळ घेतला, शेवटी डावी म्हणाला. वास उजवीत होता. तिसरा रेडिओ. तो गप्पा मारतच आत आला. बोटं टेकली. बोलणं थांबलं. पुन्हा दोन्हींना टेकली, एक एक करून, चारही बोटं. मग त्याने बाईंकडे पाहिलं, फ्रिजकडे पाहिलं, आणि एक शब्दही न बोलता खुर्चीत बसला.

मास्कताई भिंतीवरच्या सूचनापत्रिकेसमोर जाऊन उभी राहिली होती. 'वासाचे द्रावण थंड जागी ठेवावे,' एवढंच तिथे छापलेलं होतं. पाण्याबद्दल काही नव्हतं. तिने ते वाक्य दोनदा वाचलं. बाईंनी तिला सांगितलं की तू कागदाबाहेर काही केलं नाहीस. त्याने तिला काडीचाही आधार मिळाला नाही, हे तिच्या पाठीवरूनच दिसत होतं.

६

रेडिओ बोलला तो न्हाणीघराबाहेरच्या बाकावर. तिथे कामगार सुटल्यावर आंघोळीसाठी रांगेत बसतात. त्या वेळी कुणी नव्हतं.

युक्ती घड्याळनेच शोधली होती. पहिल्याच चाचणीत. त्याला वास येत नव्हता, घाम फुटला होता, आणि बरणी हातात घेतली तर एक गार लागली. तो गार बरणीचं नाव घेऊन मोकळा झाला. दोन वर्षांनी रेडिओचं नाक गेलं तेव्हा त्याने ती त्यालाही शिकवली. रेडिओने दुसऱ्या एकाला सांगितली, तिसरा बघून बघून शिकला.

"कोणी मारलं विचाराल, मॅडम, तर त्याचं त्यानेच. आणि मी बघत होतो. समोरच उभा होतो की अकरा वर्षं. गाल बसत चाललेले मला दिसत नव्हते का?"

बाईंनी विचारलं, नापास झाला असता तर काय झालं असतं. त्याला बाहेरचं काम मिळालं असतं, खोलीतून सुटला असता. सुटका नको असण्यासारखं त्या खोलीत होतं काय?

रेडिओने हातांकडे बघत सांगितलं. पावडरखोलीतून एक माणूस कमी झाला की पॅकिंगमधला सेवायादीतला, म्हणजे नोकरीच्या वर्षांप्रमाणे लावलेल्या यादीतला, पुढचा माणूस आत घेतात. ती यादी फलकावर लावलेली असते. नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं तर कारखान्याबाहेर. पाच वर्षं त्या यादीत पहिलं नाव घड्याळच्या धाकट्या भावाचं होतं. आईवडील गेले तेव्हा तो भाऊ सात वर्षांचा. त्याला याने वाढवलेला.

"मी एकदा म्हटलं, सोड आता, खोकून खोकून मरशील. तर म्हणाला, माझं जे जायचं ते गेलंय, त्याचं अजून सगळं शाबूत आहे."

मग त्याने बाईंना विनंती केली की त्याचं नाव अहवालात लिहू नये. बाकीच्या दोघांचंही. कारण काय, तर यादी अजून लागलेलीच आहे. आपण निघालो की आपल्या जागी कोण जाणार, तेही तिथे वाचता येतं. बाई म्हणाल्या की लिहावं लागेल. नाही लिहिलं तर तुम्ही मराल. त्याने मान हलवली. त्याला ते मान्य नव्हतं असं नाही; त्याचा त्यावर काही इलाजच नव्हता.

७

अहवाल अकरा पानांचा झाला. बाईंनी लिहिलं की मृताने कोणताही सुरक्षा-नियम मोडल्याचं कारखान्याला माहीत नव्हतं, फिल्टर निर्दोष होते, चाचणी घेणारीने सूचनापत्रिका तंतोतंत पाळली. दोष चाचणीच्या रचनेत आहे. ज्या धातूपासून मास्क वाचवतो, तोच धातू मास्क तपासणारं नाक मारतो. म्हणून ही चाचणी नाकावर न ठेवता धूलिकण मोजणाऱ्या यंत्रावर घ्यावी, आणि पास-नापास काहीही असो, प्रत्येकाची लघवी तपासावी. तीन कामगारांना ताबडतोब हलवावं.

तिघांना हलवलं. यंत्राचा प्रस्ताव विचाराधीन राहिला. लघवीच्या तपासणीबद्दल खात्याने कळवलं की नियमात बदल करायचा तर समिती लागेल. तोवर दोन्ही बरण्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात, असं शुद्धिपत्रक निघालं. बावीस वर्षांच्या नोकरीत बाईंच्या सूचनेवरून इतक्या तातडीने निघालेला तो पहिला कागद.

बायकोला त्यांनी हवं होतं ते लिहून दिलं. शिक्का मारून. तिने ते वाचलं आणि घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलं, आणि मग विचारलं की धाकट्या भाओजींना तिथे पाठवू नका असं यात कुठे लिहिलंय.

घड्याळची जागा चौकशी संपेपर्यंत भरलेली नव्हती; ती धरून पावडरखोलीत आता चार जागा रिकाम्या होत्या. बाई व्यवस्थापकाला भेटल्या. तो वाईट माणूस नव्हता. त्याने सेवायादी दाखवली, करार दाखवला, हॉस्पिटलांच्या मागणीची पत्रं दाखवली. यादीतले पहिले चौघे जाणार; त्यातला पहिला माणूस वगळायचा तर पाचव्याला पाठवावं लागेल. त्यालाही घर आहे. बाईंनी पाचवं नाव वाचलं. वाचून त्यांना वाटलं, वाचायला नको होतं.

शेवटी त्या भावालाच भेटल्या. पॅकिंग विभागाच्या मागे, खोक्यांच्या थप्पीशी. दादा खोलीत का थांबला ते त्यांनी त्याला सांगितलं; सांगावं की नाही याचा विचार दोन दिवस करून सांगितलं. त्यांना वाटलं होतं की हे ऐकल्यावर तो नोकरी सोडेल. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रडला नाही.

"दादाने माझ्यासाठी केलं ते कळलं," तो म्हणाला. "आता दादाची दोन मुलं आहेत, वहिनी आहे. मी नाही गेलो तर मला बाहेर काढतील. मग त्यांचं कोण? तुम्हीच सांगा, मॅडम. मी करतो तसं."

खोकी भरणारे दोघेजण बाईंच्या बाजूने वाट काढून गेले.

सोमवारी सकाळी त्याची चाचणी होती. खात्याचा साक्षीदार हजर हवा, अशी नवी अट होती, आणि ती बाईंनीच घालायला लावलेली. तो दाढी काढून आला होता; दाढीवर मास्क बसत नाही. हनुवटीची कातडी फिकट आणि कोवळी दिसत होती. मास्कताईने फ्रिजमधून दोन बरण्या काढल्या, पाठ फिरवून अदलाबदल केली. त्याने एकदाच हुंगलं आणि बरोबर सांगितलं. मास्क चढवून तो तंबूत गेला. आकडे म्हटले, मान फिरवली, वाकला. वास येतो का, मास्कताईने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा तिचा आवाज जवळजवळ विनवणीचा होता. त्याने नाही म्हणून हात हलवला. मास्क त्याला घडवून घेतल्यासारखा बसला होता.

नाकारायला कुठलंही कारण नव्हतं. मास्कताईने वहीत 'पास' लिहिलं आणि वही बाईंकडे सरकवली. बाईंनी त्याखाली सही केली.

पावडरखोलीच्या दाराशी मास्कताईने त्याच्या चाचणीच्या डब्या काढून धुळीचे नवे फिल्टर बसवले. बाईंनी मागचा पट्टा सारखा केला, उगाचच; तो सारखाच होता. दार उघडताना तो वळला आणि मास्कच्या आतून काहीतरी बोलला. रबरामुळे शब्द कळले नाहीत. ऐकायचं तर मास्क काढायला सांगावं लागलं असतं. बाईंनी कळल्यासारखी मान हलवली, आणि तो आत गेला.